छापील पाठ टाचण वही: बी.एड., डी.एल.एड.साठी घ्यावी का, आणि शेवटचे ‘तत्त्वज्ञाना’चे पान कसे भरावे

बी.एड. किंवा डी.एल.एड.ला प्रवेश झाला की काही दिवसांतच यादी हातात पडते: सूक्ष्म पाठांची (सहाध्यायींसमोर घ्यायच्या छोट्या पाठांची) वही, सराव पाठांची (शाळेतल्या वर्गावर घ्यायच्या पाठांची) वही, निरीक्षण वही (इतरांचे पाठ पाहून नोंदी करायला), आंतरवासितेची (शाळेत राहून शिकवण्याच्या काळाची) फाइल. पाठाची आधी लिहिलेली योजना म्हणजे टाचण. पुण्यात अप्पा बळवंत चौकात आणि तालुक्याच्या गावी कॉलेजसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात हे सगळे छापून तयार मिळते. वर नाव, अनुक्रमांक, शाळा, इयत्ता, तुकडी, घटक, उपघटक, तासिका. खाली उद्दिष्टे आणि स्पष्टीकरणे. त्याखाली शिक्षक कृती, विद्यार्थी कृती, साधने, फलक लेखन, मूल्यमापन असे आखलेले रकाने. काही वह्यांना शेवटी आणखी एक पान जोडलेले असते: ‘माझे अध्यापनविषयक तत्त्वज्ञान’. हे परीक्षण कुठल्या एका प्रकाशनाचे नाही. बाजारात चार प्रकार चालतात: पाच पायऱ्यांची वही, ‘पाच ई’ची वही, नुसती ओळी आखलेली कोरी वही आणि भरून तयार मिळणारी फाइल. त्या चारही प्रकारांविषयी इथे लिहिले आहे.

निकाल आधीच सांगून टाकतो. कॉलेजची सक्ती नसेल तर कोरी वही घ्या. होऊ घातलेल्या शिक्षकाला शिकण्या-शिकवण्याबद्दल खरोखर काय वाटते, ते शेवटच्या पानावरून कळत नाही. ‘विद्यार्थी कृती’ या रकान्यावरून कळते. आणि छापील वह्यांत नेमका तोच रकाना सर्वांत चिंचोळा असतो. शिक्षक कृतीला पानाची निम्मी रुंदी आणि मुलांच्या वाट्याला चार बोटे. एवढ्या जागेत ‘लक्षपूर्वक ऐकतात’, ‘उत्तर देतात’, ‘वहीत लिहून घेतात’ याखेरीज काही मावत नाही, आणि मावत नाही म्हणून पुढे ते सुचतही नाही. पंधरा-वीस पाठ असे लिहिले की हात त्याला सरावतो. मग शेवटच्या पानावर ‘मी विद्यार्थीकेंद्रित अध्यापनाचा पुरस्कर्ता आहे’ असे सुवाच्य अक्षरात लिहिले तरी आधीची चाळीस पाने त्याच्या विरुद्ध साक्ष देतात.

पाच पायऱ्यांची वही

सर्वांत जास्त खपणारी हीच. प्रस्तावना, हेतुकथन, विषय विवेचन, संकलन, उपयोजन आणि शेवटी गृहपाठ. हा साचा हर्बार्टच्या नावावर खपतो. जर्मन तत्त्वज्ञ योहान हर्बार्ट (१७७६–१८४१) यांनी स्वतः चारच पायऱ्या मांडल्या होत्या. त्सिलर आणि राइन या अनुयायांनी त्यांच्या पाच केल्या. नवी माहिती जुन्या माहितीला जोडून द्यावी, हा त्यामागचा विचार आजही टाकाऊ नाही. व्याकरणाचा नियम किंवा नकाशा वाचनाची पद्धत शिकवताना हा क्रम चांगला चालतो.

बिघडते ते हेतुकथनाशी. ‘आज आपण अमुक घटकाचा अभ्यास करणार आहोत’ हे वाक्य प्रस्तावनेनंतर लगेच छापलेलेच असते. मोकळी जागा फक्त घटकाच्या नावापुरती. पाठाचे फलित शोधून काढण्यासारखे असेल तर ते तिसऱ्याच मिनिटाला फुटते. हवा जागा व्यापते का, हे ग्लास उलटा पाण्यात बुडवून मुलांनी ठरवायचे असेल तर ‘आज आपण हवा जागा व्यापते हे पाहणार आहोत’ असे सांगून प्रयोगात उरते काय? अशा वेळी हेतुकथनात निष्कर्ष लिहू नका, प्रश्न लिहा: ‘ग्लासात तळाशी दाबून बसवलेला कागद भिजेल का, ते आज पाहू.’ छापील वाक्य खोडावे लागेल. मार्गदर्शक विचारतील, त्यांना कारण सांगा. बहुतेक जण मान्य करतात.

दुसरी खोड गाभाघटकांची. १९८६च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातले दहा गाभाघटक (सर्व विषयांतून रुजवायच्या गोष्टी) वहीत चौकटींसह छापलेले असतात आणि प्रत्येक पाठाला एक-दोन चौकटींत खूण करावीच लागते, असा समज आहे. त्यामुळे अपूर्णांकांच्या पाठाला ‘छोट्या कुटुंबाचा आदर्श’ लागतो आणि व्याकरणातल्या संधीच्या पाठाला ‘पर्यावरण संरक्षण’. जिथे संबंध नाही तिथे ‘या पाठात नाही’ असे लिहिणे अधिक प्रामाणिक. आतल्या पुठ्ठ्यावरची उद्दिष्टांची यादीही एकदा तपासून पाहा. ज्ञान, आकलन, उपयोजन, विश्लेषण, संश्लेषण, मूल्यमापन ही उतरंड अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम यांची १९५६ची आहे. २००१च्या सुधारित मांडणीत नामांच्या जागी क्रियापदे आली, संश्लेषण गेले आणि सर्वांत वर ‘निर्मिती करणे’ बसले. जुनी यादी छापणारी वही सहसा बाकीच्या बाबतीतही जुनीच असते. उद्दिष्टे या यादीतून उचलण्यापेक्षा बालभारतीच्या पाठ्यपुस्तकात दिलेल्या अध्ययन निष्पत्तींतून (मुलाला शेवटी काय यावे, ते सांगणाऱ्या विधानांतून) घ्या; एका तासिकेला एक पुरते, दोन म्हणजे डोक्यावरून पाणी.

‘पाच ई’ची वही

ज्ञानरचनावाद, म्हणजे मूल आपले ज्ञान अनुभवातून स्वतः रचते हा विचार, अभ्यासक्रमात आला तशी ही बाजारात आली. गुंतवणे, शोध घेणे, स्पष्ट करणे, विस्तार करणे, मूल्यमापन करणे असे पाच चौकोन; या पाचही पायऱ्यांची इंग्रजी नावे ‘ई’ने सुरू होतात. हा आराखडा १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतल्या बीएससीएस या विज्ञानाचे अभ्यासक्रम तयार करणाऱ्या संस्थेत रॉजर बायबी आणि सहकाऱ्यांनी विज्ञानासाठी तयार केला. यातली मोलाची गोष्ट म्हणजे क्रम: मुलांच्या हाताला आधी काम, शिक्षकाचे स्पष्टीकरण नंतर. वहीने हा क्रम पाळला आहे, हे तिच्या जमेला.

खोट अशी की हा आराखडा मुळात एका घटकासाठी, म्हणजे अनेक तासिकांसाठी आहे, आणि वही तो ३५ मिनिटांच्या एका पानात कोंबते. पाच चौकोन सारख्याच उंचीचे. शोधाला सात मिनिटे मिळतात. सात मिनिटांत गट पडेपर्यंत आणि साहित्य वाटेपर्यंत वेळ संपतो. मग शोधाच्या चौकोनात ‘विद्यार्थी चित्रफीत पाहतात’ असे लिहिले जाते आणि गाडी पुन्हा सांगण्याच्या रुळावर येते. ही वही कॉलेजने सांगितलीच असेल तर तीन सलग पाठ एकाच घटकाचे मागून घ्या: पहिल्या तासिकेत पहिले दोन चौकोन, दुसरीत स्पष्टीकरण आणि थोडा विस्तार, तिसरीत उरलेला विस्तार आणि मूल्यमापन. उरलेल्या चौकोनांवर तिरकी रेघ मारून ‘पाठ क्र. ८ पाहा’ असे लिहावे. एनसीटीईच्या (राष्ट्रीय शिक्षक शिक्षण परिषदेच्या) २०१४च्या नियमांनी बी.एड. दोन वर्षांचे झाले आणि शाळेत राहण्याचा काळ २० आठवड्यांचा झाला, त्यामुळे आंतरवासितेत सलग पाठ मिळणे अवघड राहिलेले नाही. सुरुवातीच्या सुट्या सराव पाठांत मात्र ते जमत नाही. तिथे ही वही अडचणच.

सूक्ष्म पाठांची पाने

सूक्ष्म अध्यापनाचे चक्र आपल्याकडे ३६ मिनिटांचे: ६ मिनिटे पाठ, ६ प्रत्याभरण (पाठावरचा अभिप्राय), १२ पुनर्नियोजन, ६ पुन्हा पाठ, ६ पुन्हा प्रत्याभरण. सर्वांत मोठा तुकडा पुनर्नियोजनाचा आहे. पाहिलेल्या बहुतेक वह्यांत त्यालाच जागा नाही. एका कौशल्याला पाठाचे एक पान आणि गुणांचा तक्ता, संपले. परिणामी दुसरा पाठ पहिल्याचीच नक्कल होतो, फक्त आवाज जरा चढा. दोन कोरी पाने मध्ये डकवा आणि त्यावर फक्त बदल लिहा: कोणता प्रश्न गाळला, कोणता मोडून दोन केले, कशाचा क्रम फिरवला.

प्रश्न कौशल्याच्या तक्त्यात ‘थांबण्याचा वेळ’ हा रकाना नसेल तर हाताने आखा. प्रश्न विचारल्यावर शिक्षक साधारण एक सेकंदच थांबतात आणि ते तीन सेकंदांवर नेले तर मुलांची उत्तरे लांबतात, हे अमेरिकी संशोधक मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात दाखवून दिले. मित्राला मनात ‘एक हजार एक, एक हजार दोन’ मोजायला सांगून आकडा टिपून घेता येतो. सूक्ष्म पाठात समोर सहाध्यायीच बसलेले असतात आणि त्यांना उत्तर येत असते, म्हणून तिथे हा आकडा फसवा निघतो. खरी कसोटी सराव पाठात.

कोरी वही कशी आखावी

डावे पान पूर्ण कोरे, उजवे ओळींचे, अशी वही मागा. उजव्या पानावर तीनच रकाने आखा: वेळ (२ सेंमी), मी काय करतो/करते (६ सेंमी), मुले काय करतील आणि काय म्हणतील (उरलेले सगळे). डाव्या पानावर फळ्याचा आराखडा. वही बदलल्याने काय फरक पडतो, ते पाचवीच्या एका पाठावर पाहू: अपूर्णांकांचा लहान-मोठेपणा.

छापील वहीत हा पाठ असा येतो: शिक्षक भाकरीचे चित्र दाखवतात, समान अंश असताना छेद लहान तो अपूर्णांक मोठा असे सांगतात, मुले उदाहरणे सोडवतात. नियम बरोबर आहे. पण वर्गातल्या बऱ्याच मुलांच्या डोक्यात आधीच एक नियम पक्का बसलेला असतो: ८ हा ४ पेक्षा मोठा, म्हणून १/८ मोठा. तो कुठेही लिहिला जात नाही, म्हणून त्याला कोणी हातही लावत नाही.

कोरी वही हाताशी असेल तर पहिली ५ मिनिटे अंदाजाची. ‘१/४ आणि १/८, मोठा कोणता?’ वहीत लिहायचे, मग हात वर. मुलांच्या रकान्यात आधीच लिहून ठेवा: ‘१/८ म्हणणारी असतील, कारण विचारल्यावर ८ मोठा म्हणतील. चूक म्हणायचे नाही. दोन्ही उत्तरे फळ्यावर ठेवायची.’

पुढची १२ मिनिटे पट्ट्यांची. ४० मुले, चार-चारांचे १० गट, प्रत्येक गटाला २४ सेंमी × ३ सेंमीच्या ५ पट्ट्या: एक अख्खी, बाकीच्यांचे अनुक्रमे २, ३, ४ आणि ८ भाग करायचे. २४ च का? कारण भाग १२, ८, ६ आणि ३ सेंमीचे येतात, पट्टीवर पूर्णांकात मोजता येतात. ए-फोर कार्डशीटमधून अशा ७ पट्ट्या निघतात, म्हणजे ५० पट्ट्यांना ८ शीट लागतात आणि ६ पट्ट्या शिल्लक राहतात. त्या लागतातच, कारण आठ भाग करताना एखादा गट नऊ करून ठेवतो. वर्तुळाकार भाकरी टाळा: तिचे तीन समान भाग मुलांना घडी घालून करता येत नाहीत आणि असमान तुकड्यांवरून तुलना केली की सगळा पाठ कोसळतो. दुसरा धोका म्हणजे पट्ट्याच कमी-जास्त लांबीच्या निघणे. अख्खे समान नसेल तर भागांची तुलना निरर्थक. म्हणून पहिली सूचना ‘कापा’ नाही. ‘सगळ्या पट्ट्या एकावर एक ठेवून सारख्या आहेत का ते बघा’ ही.

चर्चेला ९ मिनिटे. १/३ आणि १/४ चे तुकडे शेजारी ठेवून मुलांनी वाक्य बोलायचे: ‘जास्त भाग केले तर एकेक भाग...’ रिकामी जागा मुलांनी भरायची. ४ मिनिटे फळ्यासाठी. शेवटची ५ मिनिटे चिठ्ठीची: ‘३/८ आणि ३/५ यांत मोठा कोणता? का?’ पट्ट्यांत पाच भाग केलेले नाहीत, त्यामुळे तुकडे पाहून उत्तर देता येत नाही. विचार करावा लागतो.

चिठ्ठ्यांच्या तीन गठ्ठ्या होतात. उत्तर चूक, ती दिसतेच. उत्तर बरोबर आणि कारण ‘पाच भागांतला एक भाग आठांतल्यापेक्षा मोठा’, ती पुढे जाते. मधली गठ्ठी सर्वांत धोक्याची: उत्तर बरोबर, कारण ‘५ लहान म्हणून’. ही मुले उद्या १/४ ला ७/८ पेक्षा मोठे म्हणतील. म्हणून दुसऱ्या दिवशीची प्रस्तावना हाच प्रश्न. छापील वहीतल्या ‘मूल्यमापन’ रकान्यात या तिन्ही गठ्ठ्यांची नोंद ‘विद्यार्थ्यांनी बरोबर उत्तरे दिली’ अशी एकाच ओळीत होते.

पाठानंतर हिरव्या पेनाने त्याच पानावर खरे काय घडले ते लिहा; लाल पेन मार्गदर्शकांचा. टाचणावर पाठाआधी सही होते, त्यामुळे खाडाखोड नको या धास्तीने प्रशिक्षणार्थी पाठानंतर वहीला हात लावत नाहीत. अंतर्गत गुणांची भीती समजण्यासारखी आहे. पण हिरव्या नोंदी वेगळ्या रंगात असतील तर खाडाखोड म्हणून गणल्या जात नाहीत. सहीपूर्वीच तसे सांगून ठेवावे.

निरीक्षण वही

यात घेण्यासारखे फार नाही. ‘आवाज स्पष्ट, फलक लेखन सुवाच्य, वर्गनियंत्रण चांगले’ एवढेच लिहून घ्यायला ही छापलेली असते. त्याऐवजी वर्गाचा बाकांचा नकाशा काढा आणि जे मूल बोलेल त्याच्या चौकोनात एक रेघ. तासाच्या शेवटी मागचे दोन बाक आणि खिडकीकडची रांग कोरी दिसली की त्या नकाशावर कोणतीही टिप्पणी लिहावी लागत नाही.

‘माझे अध्यापनविषयक तत्त्वज्ञान’

ईपीसी-४, म्हणजे ‘स्व’ समजून घेण्याच्या उपक्रमासाठी, किंवा मुलाखतीच्या तयारीसाठी हे पान उपयोगी पडते. छापील वहीत त्याला वीस ओळी आणि वर एक नमुना. नमुन्यात आनंददायी शिक्षण, सर्वांगीण विकास, मूल्याधिष्ठित पिढी, आणि एकाच परिच्छेदात गांधी, टागोर, ड्यूई, व्हिगॉट्स्की. नमुना पूर्ण खोडा.

नाव घ्यायचे तर त्याची किंमत वहीत दिसली पाहिजे. १९३७ साली वर्ध्यात मांडलेल्या नई तालीममध्ये हस्तव्यवसाय हा शिकण्याचा कणा आहे. तो मानणाऱ्याच्या निदान दोन-तीन पाठांत हातकामातून गणित किंवा विज्ञान निघालेले असायला हवे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचे बोर्डी-कोसबाडचे काम प्रेरणादायी वाटते असे लिहिणाऱ्याने कुरणशाळा आठवावी: गुरे राखणारी मुले शाळेत येत नाहीत तर शाळा कुरणावर गेली. त्याच्या वहीत गैरहजर मुलासाठी काय केले, याची एक तरी नोंद हवी. नसेल तर नाव गाळा, पान सुधारते.

लिहिताना प्रत्येक वाक्याला एक चाळणी लावा: याच्या उलट मत कोणी शहाणा शिक्षक मांडेल का? ‘प्रत्येक मुलाला समान संधी मिळावी’ याच्या उलट कोणी बोलणार नाही, म्हणून ते वाक्य काढा. ‘चुकीचे उत्तर मी लगेच दुरुस्त करत नाही’ याला विरोध करणारे पुष्कळ चांगले शिक्षक सापडतील, म्हणून ते ठेवा. अशी तीन-चार विधाने पुरेत, एकूण अडीचशे-तीनशे शब्द. प्रत्येकाची बांधणी: मी काय मानतो, म्हणून वर्गात काय करतो, कोणत्या पाठात दिसते, कुठे अडते. उदाहरणार्थ:

‘मुलांच्या चुकीमागे बहुधा त्यांचा एखादा नियम असतो असे मी मानते. म्हणून चुकीचे उत्तर आले की “कसे काढलेस?” विचारते आणि उत्तर फळ्यावर तसेच ठेवते (पाठ क्र. ७). ४० मुलांच्या वर्गात हे एका तासिकेत दोन-तीनदाच जमते. जास्त केले की बाकीच्यांचे लक्ष उडते. म्हणून उरलेल्या चुका चिठ्ठ्यांतून गोळा करते.’

यात ‘अडते’ हा भाग गाळायचा मोह होतो, कारण परीक्षकापुढे कमतरता कशाला दाखवायची. पण प्रश्न विचारायला परीक्षकाला तिथेच जागा मिळते आणि त्या प्रश्नांची उत्तरे तुमच्याकडे असतात. पान वर्षाच्या शेवटी एकदम लिहू नका. पहिल्या पाच पाठांनंतर पेन्सिलने एकदा, आंतरवासितेच्या मध्यावर एकदा, आणि पक्के शेवटी. पहिल्या आणि शेवटच्या मसुद्यात एकही विधान बदलले नसेल तर हिरव्या नोंदी पुन्हा वाचा.

भरलेली फाइल

ही विकत मिळते, वर्षानुवर्षे त्याच फाइलींच्या झेरॉक्स फिरतात, पीडीएफही. काही फाइलींत जुन्या पाठ्यपुस्तकातले, आता वगळलेले धडे आहेत, आणि परीक्षक ते पहिल्या मिनिटाला ओळखतात. एवढे पुरे.

घेताना

कागद ७० जीएसएमचा (चौरस मीटरला ७० ग्रॅम वजनाचा) मागा. त्याखालच्या कागदावर जेल पेनची शाई मागे उमटते आणि डाव्या पानावरचा फळ्याचा आराखडा वाचता येत नाही. लेस-फाइलची सुटी पाने असतील तर भोकांच्या बाजूला अडीच सेंमी समास हवा, नाहीतर बांधल्यावर वेळेचा रकाना आत जातो. पाने मध्ये घालता येत असल्यामुळे सूक्ष्म पाठांसाठी लेस-फाइल सोयीची, सराव पाठांसाठी शिवलेली वही. स्पायरल टाळा; आंतरवासिता संपेपर्यंत पहिली पाच-सहा पाने सुटून हातात येतात. आणि सगळा संच एकदम घेऊ नका. आधी एका पाठापुरती सुटी पाने घ्या, तीन रकान्यांत टाचण लिहा, मार्गदर्शकांना दाखवा. त्यांनी आखणी मान्य केली की मग वह्या घ्या. नाहीच केली तर पाच पायऱ्यांची घ्या आणि ‘विद्यार्थी कृती’ डाव्या कोऱ्या पानावर लिहायची परवानगी तेवढी मागून घ्या.